इंग्रजी वाक्यदोष तपासणारे सॉफ्टवेअर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मुंबईच्या फोर्ट भागातील वकिलांसाठी मराठी कागदपत्रांचा इंग्रजी अनुवाद करणे हा माझा व्यवसाय आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे खालच्या न्यायालयांतील जबाब, पंचनामे आणि भाडेकरार अपिलाच्या वेळी इंग्रजीत आणावे लागतात. अशा कागदात एखादा शब्दसमूह भलत्या जागी पडला, तर वाक्य व्याकरणशुद्ध राहूनही अर्थ पक्षकाराच्या विरोधात जाऊ शकतो. याच कारणासाठी मी गेल्या पावसाळ्यापासून वाक्ये तपासणारे एक सशुल्क सॉफ्टवेअर वापरत आहे.

अवघडलेल्या वाक्प्रचारांबाबत माझी काहीही तक्रार नाही. आपल्याकडच्या मसुद्यांत सर्रास आढळणारे ‘डिस्कस अबाउट’, ‘कोप अप विथ’, ‘रिटर्न बॅक’ हे प्रयोग ते लगेच अधोरेखित करते. या शब्दांच्या ठरलेल्या जोड्या असल्यामुळे त्या ओळखण्यासाठी वाक्याचा आशय समजण्याची गरज पडत नाही. भारतीय इंग्रजीचा पर्याय निवडल्यावर ‘लाख’ आणि ‘कोटी’ यांवरच्या नाहक खुणाही थांबल्या.

विशेषकांच्या, म्हणजे वाक्यातील दुसऱ्या शब्दाबद्दल अधिक माहिती देणाऱ्या शब्दांच्या, जागेचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि सॉफ्टवेअरची खरी परीक्षा तिथेच होते. पंचनाम्यातले एक नेहमीचे वाक्य घ्या : ‘कुलूप तोडून आत गेल्यावर सामान नाहीसे झालेले आढळले.’ कुलूप कोणी तोडले हे न सांगताही मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. त्याचे इंग्रजी ‘आफ्टर ब्रेकिंग द लॉक, द गुड्स वेअर फाउंड मिसिंग’ असे केले की कुलूप सामानानेच तोडले असा अर्थ निघतो, कारण सुरुवातीच्या धातुसाधिताचा कर्ता वाचक मुख्य वाक्याच्या कर्त्यातच शोधतो. सॉफ्टवेअरने हा दोष पकडला, हे त्याचे श्रेय मी मोकळेपणाने देतो. पण त्याने सुचवलेल्या दुरुस्तीत ‘वी फाउंड’ असे आले, म्हणजे कुलूप तोडण्याचे कृत्य पंचांच्या माथी बसले. ते बेलिफने तोडले की भाडेकरूने, यावरच वाद उभा राहू शकतो, त्यामुळे मूळ कागदात नसलेला कर्ता अनुवादात आणण्याचा अधिकार कोणालाच नाही. मी तिथे ‘आफ्टर द लॉक वॉज ब्रोकन, द गुड्स वेअर फाउंड टु बी मिसिंग’ असे लिहिले. दोन्ही उपवाक्यांना आपापला कर्ता मिळतो आणि मुळात जे अनुक्त आहे ते अनुक्तच राहते.

दोन्हीकडे लागू शकणाऱ्या शब्दांच्या बाबतीत अडचण अधिक गंभीर आहे. ‘द विटनेस स्टेटेड ऑन ट्यूझडे द रूम वॉज लॉक्ड’ या वाक्यात मंगळवार जबाबाचा की खोली बंद असण्याचा, हे कळत नाही. सॉफ्टवेअरने ‘ट्यूझडे’नंतर ‘दॅट’ घालायला सांगितले आणि मंगळवार जबाबाला जोडून टाकला. मूळ मराठीत ‘मंगळवारी खोली बंद होती, असे साक्षीदाराने सांगितले’ असे असल्याने ‘दॅट’ त्या वाराच्या आधी, म्हणजे ‘स्टेटेड’ला लागूनच यायला हवा होता. वाक्य वाचायला सुबक झाले, पण साक्ष बदलली. ‘ओन्ली’ कुठे ठेवावे याबद्दल तर ते बहुतेक वेळा मौनच पाळते. भाडेकरूने दोनच महिन्यांचे भाडे दिले असेल, तर मराठीतला ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो त्याच्या अगदी अलीकडे ‘ओन्ली’ ठेवण्याची माझी जुनी पद्धत मी अजून सोडलेली नाही.

विकत घेण्यापूर्वी गोपनीयतेचाही विचार करावा. मी वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जातो, म्हणून पक्षकारांची नावे, पत्ते आणि सर्व्हे क्रमांक काढल्याशिवाय मी त्यात काहीही टाकत नाही. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी लँग्वेजटूल हे अशाच कामाचे सॉफ्टवेअर पाहावे. त्याची मुक्तस्रोत आवृत्ती स्वतःच्या संगणकावर चालवता येते.

मी वर्गणी चालू ठेवणार आहे. पत्रव्यवहारासाठी ते निःशंकपणे घ्यावे. न्यायालयीन अनुवादात मात्र त्याची प्रत्येक सूचना मूळ मराठी कागद शेजारी ठेवून पडताळावी आणि सगळ्या दुरुस्त्या एकदम स्वीकारण्याचे बटण कधीही दाबू नये.