सुरक्षेच्या प्रश्नावर खासदाराला जोखताना: प्रश्नांची संख्या, भाषण, खासगी विधेयक की समिती?

निवडणूक जवळ आली की प्रत्येक खासदाराचे प्रगतिपुस्तक फिरू लागते. त्यात उपस्थितीची टक्केवारी असते, विचारलेल्या प्रश्नांची संख्या असते, किती चर्चांत भाग घेतला आणि किती खासगी विधेयके, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतः आणलेली विधेयके, मांडली याचे आकडे असतात. रेल्वे, पाणी किंवा शेतमालाच्या भावाबद्दल खासदाराने काय केले, हे अशा तक्त्यावरून थोडेफार कळते. राष्ट्रीय सुरक्षा, अतिरेकी हिंसा आणि पोलीस या विषयांत मात्र तोच तक्ता दिशाभूल करतो. या क्षेत्रात सरकार कमीत कमी बोलते, मतदान पक्षादेशाने बांधलेले असते आणि पोलीस हा विषय मुळात राज्यांकडे आहे. आपल्या किंवा दुसऱ्या एखाद्या खासदाराचे या विषयावरील काम तपासायचे आणि वेळ मर्यादित असेल, तर कोणती नोंद आधी उघडावी, हे ठरवणाऱ्यासाठी ही तुलना केली आहे.

आधी प्रश्न पाहू, कारण तेच सर्वांत सहज सापडतात. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न असतात, तर राज्यसभेत 15 आणि 160. तारांकित प्रश्नावर मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर पटलावर ठेवले की तो विषय तिथेच संपतो. गृह मंत्रालयाच्या उत्तरांचे गठ्ठे कोणी सलग वाचले तर एक वाक्य त्याला पाठच होईल: संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘पोलीस’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे राज्यांचे विषय आहेत. ते खरेच आहे, राज्यसूचीतील पहिल्या दोन नोंदी त्याच आहेत. परंतु प्रश्नच असा विचारला असेल की ‘(क) देशात नक्षलवादी हिंसाचाराच्या घटना घडत आहेत काय, (ख) असल्यास त्याचा तपशील काय, (ग) शासनाने कोणती उपाययोजना केली आहे’, तर उत्तरात याच वाक्याखेरीज आणि काही योजनांच्या नावांखेरीज हाती काही लागत नाही. तक्त्यात मात्र त्याचा एक प्रश्न मोजला जातो. एकाच प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावे जोडली जातात आणि प्रत्येकाच्या खात्यात तो जमा होतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

नेमक्या प्रश्नाची ताकद वेगळीच असते. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली, किती जणांना अटक झाली आणि किती जणांवर दोष सिद्ध झाला, असे फेब्रुवारी 2021 मध्ये राज्यसभेत विचारले गेले. 2016 ते 2019 या चार वर्षांत 5,922 जणांना अटक झाली आणि 132 जण दोषी ठरले, असे सरकारचे उत्तर आले. ही माहिती त्या आधी विखुरलेली होती. तिला सरकारच्या तोंडून आलेल्या आकड्याचे वजन एका प्रश्नामुळे मिळाले. पुढच्या कितीतरी वादविवादांत तोच आकडा आधार म्हणून वापरला गेला. त्यातून दोषसिद्धीचा दर काढण्याची घाई मात्र करू नये, कारण खटले वर्षानुवर्षे चालतात आणि त्या काळात दोषी ठरलेले लोक त्याच काळात अटक झालेलेच असतील असे नाही. अशा आकड्याच्या पुढचा प्रश्न, म्हणजे किती आरोपी तीन वर्षांहून अधिक काळ खटला सुरू होण्याची वाट पाहत तुरुंगात आहेत, हा ज्या खासदाराला सुचतो त्याने विषय खरोखर हाताळला आहे, असे मी मानतो. म्हणून प्रश्न मोजू नयेत. दहाबारा उघडून वाचावेत आणि त्यांत केंद्राच्या हातातील गोष्टींविषयी, म्हणजे पोलीस आधुनिकीकरणाचा निधी, केंद्रीय सशस्त्र दलांतील रिक्त पदे, राष्ट्रीय तपास यंत्रणेकडील प्रलंबित खटले यांविषयी काही विचारले आहे का, ते पाहावे.

भाषणाचे पारडे लोकांच्या नजरेत सर्वांत जड असते. माझ्या मते ते सर्वांत हलके आहे, निदान या विषयात तरी, कारण भाषण आणि मत यांची दिशा नेहमी एकच असते असे नाही. 2019 मध्ये यूएपीएत दुरुस्ती करून केवळ संघटनेलाच नव्हे तर एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार केंद्र सरकारला देण्यात आला. लोकसभेत हे विधेयक 24 जुलै रोजी 287 विरुद्ध 8 मतांनी मंजूर झाले. राज्यसभेत त्या वेळी महाराष्ट्रातून निवडून गेलेले काँग्रेसचे पी. चिदंबरम यांनी या तरतुदीवर तपशीलवार आक्षेप घेतले. विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकाच्या छाननीसाठी नेमलेल्या समितीकडे, पाठवावे हा प्रस्ताव 85 विरुद्ध 104 मतांनी फेटाळला गेला, आणि त्यानंतर 2 ऑगस्टच्या अंतिम मतविभागणीत, म्हणजे नावनिशीवार मोजलेल्या मतदानात, काँग्रेसने विधेयकाच्या बाजूने मतदान केले. विधेयक 147 विरुद्ध 42 मतांनी मंजूर झाले. ज्याने फक्त भाषण ऐकले त्याला एक चित्र दिसले आणि ज्याने मतविभागणी पाहिली त्याला दुसरे. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय कोणत्याही बाजूचा निवाडा न्याय्य होत नाही.

मतालाही मर्यादा आहेत. 1985 पासून लागू असलेल्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीमुळे पक्षादेश मोडणाऱ्या खासदाराचे सदस्यत्वच धोक्यात येते. त्यामुळे त्याच्या मतावरून पक्षाची भूमिका कळते, त्या व्यक्तीची विचारशक्ती कळत नाही. शिवाय पुष्कळ विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात आणि कोणी मतविभागणी मागितली नाही, तर कोणी काय केले याची नावनिशीवार नोंदच राहत नाही. सुरक्षेच्या विधेयकावर मतविभागणीचा आग्रह धरणारा खासदार, जिंको वा हरो, नागरिकांच्या हाती एक कागद ठेवून जातो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खासगी विधेयकाचे प्रकरण थोडक्यात आटोपता येते. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी 14 विधेयकेच कायद्यात रूपांतरित झाली आणि त्यांतील शेवटचे 1970 मधील आहे. तेव्हा कायदा झाला का, हा निकष इथे लावण्यात अर्थ नाही. जो प्रश्न सरकार उचलणार नाही तो लिखित कलमांच्या रूपात नोंदवला गेला का, एवढेच पाहावे. मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये, सत्तारूढ पक्षात असताना, गुप्तचर यंत्रणांचे अधिकार आणि त्यांचे नियमन यांविषयी असे विधेयक मांडले होते. इंटेलिजन्स ब्यूरो आणि रॉ यांसारख्या यंत्रणा संसदेच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत आणि त्यांच्यावर देखरेख करणारी संसदीय समितीही नाही, ही उणीव त्याने कागदावर आणली. विधेयक पुढे सरकले नाही, तरी तो मसुदा आजही अभ्यासाला उपयोगी पडतो. याउलट केवळ शीर्षकापुरती, दोन पानी विधेयकेही मांडली जातात. तक्त्यात दोघांचेही वजन सारखेच भरते.

आता समितीकडे येऊ. खरे काम बहुतांशी तिथे होते, आणि मतदाराच्या नजरेला सर्वांत कमी पडते तेही तेच. गृह मंत्रालयाशी संलग्न स्थायी समितीत 31 सदस्य असतात, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. बैठका बंद दाराआड होतात, पक्षादेश लागू नसतो, मंत्री सदस्य होऊ शकत नाहीत, आणि गृहसचिवांपासून निमलष्करी दलांच्या महासंचालकांपर्यंत अधिकाऱ्यांना समोर बसून उत्तरे द्यावी लागतात. 2018 मध्ये चिदंबरम यांच्या अध्यक्षतेखाली या समितीने ईशान्य भारतातील सुरक्षेच्या स्थितीवर अहवाल दिला. आनंद शर्मा यांच्या अध्यक्षतेखाली 2022 मध्ये पोलिसांचे प्रशिक्षण, आधुनिकीकरण आणि सुधारणा यांवरचा अहवाल आला. पोलीस सुधारणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात 2006 मध्ये दिलेले निर्देश अजून बऱ्याच राज्यांत अपुरेच अमलात आलेले असताना, असा अहवाल वाचणे म्हणजे दुखणे नेमके कुठे आहे हे कळणे आहे.

समितीला वळसा घातला की काय होते, तेही पाहावे. मुंबईवरील 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर चिदंबरम गृहमंत्री झाले आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेचे विधेयक व यूएपीएची दुरुस्ती, ही दोन्ही 17 डिसेंबरला लोकसभेत आणि 18 डिसेंबरला राज्यसभेत मंजूर झाली. स्थायी समितीकडे ती गेली नाहीत. मुंबईच्या जखमा ओल्या होत्या, हे कोणीही महाराष्ट्रीय माणूस समजू शकतो. पण जामिनाची वाट जवळजवळ बंद करणारे आणि आरोपपत्राविना कोठडीची मुदत 180 दिवसांपर्यंत वाढू देणारे कलम 43-ड त्याच दोन दिवसांत कायद्यात आले, आणि आजचा बहुतेक वाद त्याच कलमाभोवती फिरतो आहे. ज्या कलमांचा परिणाम दशकभर टिकतो त्यांना दोन दिवसांची चर्चा पुरत नाही, असे माझे ठाम मत आहे; मग ते विधेयक कोणत्याही पक्षाच्या सरकारने आणलेले असो.

2023 मध्ये भारतीय न्याय संहितेसह तीन फौजदारी विधेयके ब्रिजलाल यांच्या अध्यक्षतेखालील याच समितीकडे गेली. ब्रिजलाल स्वतः उत्तर प्रदेशचे पोलीस महासंचालक राहिलेले आहेत. चिदंबरम यांच्यासह अनेक विरोधी सदस्यांनी अहवालाला असहमतीच्या टिपण्या जोडल्या. त्यानंतर सरकारने मूळ विधेयके मागे घेऊन डिसेंबरमध्ये नवी आणली, आणि दहशतवादी कृत्याची व्याख्या यूएपीएतील व्याख्येच्या जवळ आणली गेली. ती विधेयके मंजूर झाली त्या अधिवेशनात एकूण 146 विरोधी खासदार निलंबित झाले. अंतिम कायद्यातील कलम 113 चे स्पष्टीकरण वाचावे: गुन्हा या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी ठरवणार. एका ओळीच्या या तरतुदीवर आरोपीचा जामीन आणि तपासाची पद्धत अवलंबून आहे. त्या ओळीवर कोणी काय म्हटले, हा खासदाराची खरी परीक्षा घेणारा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर भाषणांच्या चित्रफितींत क्वचितच सापडते.

समितीचे काम वाया जाऊ शकते, हेही मान्य करायला हवे. छळ प्रतिबंधक विधेयक मे 2010 मध्ये लोकसभेने मंजूर केले; राज्यसभेने ते अश्विनी कुमार यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीकडे दिले, आणि समितीने त्याच वर्षी ते पुष्कळ सुधारून परत केले. पुढे ते चर्चेलाच आले नाही आणि 2014 मध्ये लोकसभा विसर्जित होताच रद्द झाले. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण अद्याप अनुसमर्थन केलेले नाही. अश्विनी कुमार यांनी नंतर याच विषयावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, पण संसदेला कायदा करण्याचा आदेश देण्यास न्यायालयाने 2019 मध्ये नकार दिला. एका खासदाराने एकच विषय इतकी वर्षे सोडला नाही, ही गोष्ट कोणत्याही प्रगतिपुस्तकात दिसणार नाही.

सभागृहाबाहेरचे कामही वजनात धरावे का? मी धरतो, आणि त्याचे कारण मधु लिमये. बिहारमधील मुंगेरचे खासदार असताना नोव्हेंबर 1968 मध्ये लखीसराय येथे त्यांना अटक झाली. अटकेची कारणे सांगितली गेली नाहीत, हे त्यांनी सर्वोच्च न्यायालयासमोर नेले, आणि डिसेंबर 1968 मध्ये संविधानाच्या अनुच्छेद 22 चा भंग झाल्याच्या कारणावरून न्यायालयाने त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना मुक्त केले. अटक करताना कारण सांगणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, ही गोष्ट आज वकील न्यायालयात मांडतात तेव्हा त्यांना हा निकाल आधाराला मिळतो.

ठाण्यातील वागणूक, बदल्या, भरती किंवा तक्रार नोंदवून न घेणे असा प्रश्न असेल, तर खासदाराऐवजी आमदाराचे काम तपासावे, कारण त्याचे उत्तर राज्याच्या गृहखात्याने द्यायचे असते. महाराष्ट्राचे विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै 2025 मध्ये मंजूर होण्यापूर्वी विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेले होते आणि तिथे त्याच्या व्याप्तीच्या शब्दांत बदल झाला. त्या समितीतील आपल्या आमदाराने काय सुचवले, हे विचारण्याचा हक्क मतदाराला आहे.

ज्याच्या हाती एकच संध्याकाळ आहे त्याने खासदार गृहविषयक समितीवर होता का, ते पाहावे आणि असेल तर त्याच्या नावाची असहमतीची टिपणी प्रथम वाचावी. पक्षादेशाच्या बाहेर स्वतःच्या सहीने लिहिलेला तोच कागद आहे. समितीवर नसेल, तर विधेयकांवर त्याने कलमनिहाय दुरुस्त्या सुचवल्या का, ते शोधावे. पत्रकार किंवा अभ्यासक असाल आणि आकडे हवे असतील, तर प्रश्नोत्तरांपासून सुरुवात करावी. मंत्री राहिलेल्या व्यक्तीला जोखताना ही सर्व आयुधे बाजूला ठेवून त्याने कोणती कलमे आणली आणि ती समितीकडे पाठवली की नाही, एवढेच पाहावे; त्याने मंत्री म्हणून आणलेला कायदा आणि विरोधात बसून केलेले भाषण यांची पाने शेजारी ठेवून वाचावीत. भाषणाची चित्रफीत उरलेल्या वेळात पाहिली तरी चालेल.