आधी स्प्रॉकेट की आधी सायलेन्सर? ट्रेलच्या गाडीवर पैसे कुठे घालावेत

हीरोची एक्सपल्स किंवा रॉयल एनफिल्डची हिमालयन घरी आली की दोन-तीन महिन्यांत हात शिवशिवायला लागतात. क्रॅश गार्ड लागतो, टायर बदलतात आणि मग नजर सायलेन्सरवर जाते. पुण्याच्या नाना पेठेत एक चक्कर मारली तर नजर जाण्याआधीच दुकानदार डबा पुढे करतो. दहा-पंधरा हजार खर्चायची तयारी असेल तर रस्ते साधारण चार: गिअरिंग बदलणं, फिल्टर आणि ट्यूनिंग, सायलेन्सर आणि थेट इंजिन उघडणं. वेल्ह्याकडून मढे घाटापर्यंतच्या वाटा, पानशेतच्या कडेचा मुरूम आणि मुळशीकडचा पावसाळी चिखल डोळ्यांसमोर ठेवून हे चारही तोललेत. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर चालवणाऱ्याचं गणित वेगळं असतं. तो वरच्या आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) जगतो.

आपल्याकडे गाडी नेमकी कुठे कमी पडते ते आधी बघू. ओला कातळ, त्यावर शेवाळ, मध्येच सुटे धोंडे, आणि वेग दहा-पंधरा किलोमीटरचा. पहिल्या गिअरमध्ये इंजिन तीन-साडेतीन हजारांवर रखडतं आणि पुढच्या धोंड्यावर बंद पडतं. एक्सपल्स २०० ४व्ही घ्या: १९९.६ सीसी, १७.३५ न्यूटन मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर), पण तो मिळतो ६,५०० आरपीएमला. म्हणजे चढावर अर्ध्या क्लचवर खेळत राहायचं आणि वर पोहोचेपर्यंत क्लच प्लेटचा वास घ्यायचा. जुन्या हिमालयन ४११ चं उलट आहे. तिचा ३२ न्यूटन मीटर चार-साडेचार हजारांच्या आसपासच हजर होतो, पण गाडी १९९ किलोची. पडली की उचलायला माणूस लागतो. एकीला खालचा जोर हवा, दुसरीला वजन उतरवायला हवं. म्हणून ‘कोणता सायलेन्सर भारी’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं.

स्प्रॉकेट: स्वस्त, म्हणून दुर्लक्षित

पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं चक्र, १३ दात्यांचं असेल तर १२ चं टाका. चाकाला मिळणारा जोर प्रत्येक गिअरमध्ये सरळ ८ टक्क्यांनी वाढतो, आणि तोही जिथे हवा तिथे, अगदी खाली. इतका फरक कुठलाही सायलेन्सर तीन हजार आरपीएमला देत नाही. देतो म्हणून कोणी सांगितलं तर डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मागा, आणि तो पाच हजारांच्या पुढून सुरू होत असेल तर हात जोडून निघा. खर्च काही शे रुपयांचा, आणि आवडलं नाही तर अर्ध्या तासात पूर्ववत.

तोटे आहेतच. साताऱ्याच्या हायवेवर ज्या वेगाला इंजिन ६,००० वर फिरत होतं तिथे ते आता ६,५०० वर फिरेल. हाताला झिणझिण्या जास्त, अ‍ॅव्हरेज थोडं कमी. लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, त्यामुळे स्विंगआर्मवरचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचं) रबर लवकर झिजतं. ते टाळायचं असेल तर पुढे हात न लावता मागचं वाढवा: ४० चं ४३ केलं तरी परिणाम जवळपास तोच, फक्त चेनच्या कड्या वाढवाव्या लागू शकतात. ज्यांची गाडी आठवडाभर कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये असते त्यांना तर छोटं गिअरिंग तिथेही आवडतं.

फिल्टर आणि ट्यूनिंग

फ्री-फ्लो फिल्टरबद्दल माझं मत वाईट आहे. एप्रिलमध्ये वेल्ह्याच्या बाजूला उडणारा लाल फुफाटा पिठासारखा बारीक असतो, आणि हवा जास्त सोडणारी जाळी धूळही जास्त सोडते. पिस्टन-सिलिंडर घासून मिळालेला अर्धा बीएचपी काय कामाचा? फिल्टर बदलायचाच तर तेलात भिजवायचा फोमचा घ्या आणि दर राइडनंतर धुवायची शिस्त ठेवा. एअरबॉक्सला भोकं पाडायचा सल्ला तर ऐकूच नका. जुलैत ओढा ओलांडताना पाणी आत जायला तेवढीच वाट पुरते.

ट्यूनिंगचं तसं नाही. बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांत पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, ठेवलेलं असतं. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) सतत दुरुस्त करत राहतो; थ्रॉटल पूर्ण उघडला की ईसीयू आधी भरून ठेवलेल्या मॅपवर (पेट्रोलच्या मापाच्या तक्त्यावर) चालतो. या पातळ मिश्रणामुळे बंद थ्रॉटल किंचित उघडताना गाडी जो झटका देते, तो अवघड वळणावर तोल घालवतो. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे फ्यूएलएक्स आणि पॉवरट्रॉनिक हे डबे ईसीयू आणि इंजेक्टरच्या मध्ये बसून हे मिश्रण सुधारतात. पिकअप गुळगुळीत होतो, इंजिनाची उष्णताही काहीशी कमी होते. जादा ताकद मिळेल म्हणून घेणाऱ्याची निराशा होईल. गाडी ऐकणारी हवी असेल तर पैसे वसूल.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत, उदाहरणार्थ हीरो इम्पल्समध्ये, हेच काम जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बदलून होतं, पण त्यासाठी कान असलेला मेकॅनिक लागतो.

सायलेन्सर: अर्धा की पूर्ण?

स्लिप-ऑन म्हणजे फक्त मागचा डबा बदलायचा. इंजिनातून निघणारा बेंड पाइप आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागच्या जागी. फुल सिस्टीम म्हणजे इंजिनाच्या हेडपासून शेवटपर्यंत सगळं नवं, आणि त्यात कन्व्हर्टर बहुतेक वेळा गायबच. पण आपल्या गाडीत कन्व्हर्टर नक्की कुठे आहे ते आधी बघा. तो डब्यातच असेल तर ‘नुसता स्लिप-ऑन’ म्हणून विकलेला मालही तो काढूनच टाकतो.

स्लिप-ऑनची खरी कमाई वजनाची. स्टॉक डबा जाड लोखंडी असतो. चांगला हलका डबा दोन-तीन किलो सहज वाचवतो, तेही मागे आणि उंचावर, जिथलं वजन गाडी आडवी होताना सर्वांत जास्त जाणवतं. हिमालयनवाल्याला हे पटेल. १५८-१५९ किलोच्या एक्सपल्सला मात्र याची तितकी गरज नाही.

फुल सिस्टीमचं दुखणं वेगळं. पाइप रुंद झाला की खालच्या आरपीएमला गॅसचा वेग पडतो; बाहेर पळणारा गॅस मागच्या गॅसला ओढून नेतो ती ओढ ढिली होते. सात-आठ हजारांवर गाडी मोकळी वाटते, पण तीन हजारांवर आधीपेक्षा मऊ. ट्रेलवर तर आपल्याला हे नेमकं उलटं हवं होतं! त्यात हवा वाढली आणि मॅप तोच राहिला की मिश्रण आणखी पातळ, थ्रॉटल सोडला की फटफट फटाके, बेंड लालबुंद. म्हणजे फुल सिस्टीम घेतली की ट्यूनिंगचा खर्च आलाच. दुकानदार तो आधी सांगत नाही.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा फेरफार चालत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं; आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग १०,००० पर्यंत जाऊ शकतो. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. ज्या शहरातल्या वेताळ टेकडीवर एआरएआयमध्ये गाड्यांच्या चाचण्या होतात, त्याच शहरात पोलिसांना जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवायची वेळ येते, हे आपलं वैभव!

पोलिसांपेक्षा मला गावांची काळजी जास्त वाटते. आपण ज्या बैलगाडीच्या वाटेवरून जातो ती कुणाच्या तरी बांधावरून गेलेली असते. सकाळी सातला आठ गाड्या धडधडत गेल्या की पुढच्या रविवारी तिथे आडवा ओंडका दिसतो, आणि त्यात गावकऱ्यांचं काही चुकत नाही. फेब्रुवारीपासून डोंगर वाळलेल्या गवताने पिवळे पडतात. डीबी किलर (आवाज दाबणारी आतली नळी) काढलेल्या डब्यातून उडालेली ठिणगी वणव्याला पुरते. म्हणून डबा घ्यायचाच तर डीबी किलर वेल्ड केलेला आणि स्पार्क अरेस्टर (ठिणगी अडवणारी जाळी) बसणारा घ्या.

इंजिन उघडणं

नको. बोअर किट (मोठा सिलिंडर-पिस्टन), गरम कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा), हेड पोर्टिंग (हेडच्या वाटा रुंद करणं) यांनी ताकद वर सरकते, उष्णता वाढते, वॉरंटी जाते, आणि आरसी बुकावरची सीसी खोटी ठरून विम्याचा दावा अडकतो. ताकदच हवी असेल तर तेवढे पैसे गाडी बदलायला वापरा. हिमालयन ४५० चाळीस पीएस देते, आणि केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर तर आपल्या चाकणमध्येच बनते.

मग घ्यायचं काय? एक्सपल्सवाल्याने आधी स्प्रॉकेट, मग चांगले टायर, आणि तरीही पिकअपचा झटका त्रास देत असेल तरच ट्यूनिंग. सायलेन्सरला हात लावायचं कारण मला दिसत नाही. हिमालयन ४११ वाल्याने उलट आधी ट्यूनिंग करावं, पुढे मन झालंच तर कन्व्हर्टर राखणारा हलका, शांत डबा, आणि दंडाची जोखीम आपलीच आहे हे धरून. फुल सिस्टीम फक्त त्याने घ्यावी ज्याची गाडी पिकअप टेम्पोत चढून खासगी ट्रॅकवर जाते आणि रस्त्यावर उतरतच नाही.

काहीही बदललं तरी कंपनीचा जुना सायलेन्सर भंगारात देऊ नका आणि मेकॅनिककडेही सोडू नका. वॉरंटीच्या सर्व्हिसिंगला आणि गाडी विकताना तोच मागतात, आणि नवा घ्यायला गेलात तर बिल पाहून घाम फुटेल.