चिप नसलेली चावी आणि सात महिने उघडी राहिलेली गाडी

गाडीची दुसरी चावी स्वस्तात करून घेताना माझी जी फसवणूक झाली, ती रकमेच्या दृष्टीने फार मोठी नाही. अडीच हजार रुपये गेले. परंतु तेवढे पैसे घेऊन त्या माणसाने माझ्या गाडीचे चोरीपासून रक्षण करणारी यंत्रणाच निकामी करून ठेवली होती, आणि ही गोष्ट मला सात महिन्यांनी, तीही केवळ योगायोगाने कळली. ज्यांच्या गाडीला इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) आहे आणि ज्यांच्याजवळ एकच चावी आहे, अशा सर्वांना हा प्रकार नेमका कसा होतो हे ठाऊक असावे, म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

मी नाशिकला इंदिरानगर भागात राहतो. गाडी २०१५ सालची, पेट्रोलवर चालणारी, वापरलेली घेतलेली. व्यवहाराच्या वेळी एकच चावी हातात आली. दुसरी चावी मूळ मालकाच्या गावच्या घरी आहे, आठवड्याभरात आणून देतो, असे मध्यस्थाने सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवून पूर्ण रक्कम दिली. ती चावी आलीच नाही. पुढे मुलीला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, ती गाडी नेऊ लागली आणि दुसऱ्या चावीची रोजची गरज भासू लागली. अधिकृत सेवा केंद्रात चौकशी केली तेव्हा प्रोग्रॅमिंग, म्हणजे नवी चावी गाडीच्या संगणकात नोंदवणे, धरून सात हजार चारशे रुपये आणि आठ-दहा दिवस सांगितले. मला रक्कम जास्त वाटली. आज मागे वळून पाहताना, ती जास्त वाटण्यात माझी चूक होती असे मी म्हणणार नाही. चूक पुढच्या पायरीवर झाली.

ही चूक समजण्यासाठी इमोबिलायझरचे काम थोडक्यात सांगावे लागेल. अशा गाडीच्या चावीचे दोन भाग असतात. एक धातूचे पाते, जे कुलूप फिरवते, आणि दुसरी चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात बसवलेली जेमतेम चिंचोक्याएवढी चिप. या चिपला बॅटरी लागत नाही. जिथे आपण चावी घालतो त्या इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची एक कॉइल असते. चावी फिरवली की त्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला शक्ती मिळते आणि ती आपली ओळख गाडीच्या संगणकाला कळवते. ओळख पटली तरच इंजिनाचे इंधन आणि ठिणगी सुरू राहते. मारुतीच्या गाड्यांत याच व्यवस्थेला आयकॅट्स म्हणतात. रिमोटने दारे उघडण्या-लावण्याशी या चिपचा संबंध नसतो; ते काम वेगळे सर्किट करते आणि सेल लागतो तो फक्त त्याला. हा फरक मला तेव्हा ठाऊक नव्हता, आणि माझी फसवणूक सात महिने झाकली गेली ती बऱ्याच अंशी यामुळेच.

चिपची नक्कल बाहेर होऊ शकते हे मात्र मी वाचले होते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्येच एका प्रचलित चिपचे कूट फोडून दाखवले होते, आणि आज प्रामाणिक चावीवालेही यंत्राच्या साहाय्याने अनेक गाड्यांच्या चिपा रीतसर तयार करून देतात. त्यामुळे ‘सर्व गाड्यांची चिपसहित चावी, घरपोच, १८०० रुपयांपासून’ ही जाहिरात मोबाइलवर दिसली तेव्हा मला ती अशक्य वाटली नाही. फोनवरच्या माणसाने गाडीचे मॉडेल आणि साल विचारले, लगेच ‘होऊन जाईल’ म्हणाला, आणि दुकान कुठे आहे या प्रश्नाला ‘आम्हीच येतो ना सर, तुम्ही कशाला त्रास घेता’ असे उत्तर दिले. हे उत्तर मला सौजन्याचे वाटले.

रविवारी सकाळी तो मोटारसायकलवरून आला. डिकीवर ठेवलेल्या छोट्या हातयंत्रावर त्याने माझ्या चावीचे पाते पाहून नवे पाते कापले, त्याच्या कडा कानशीने घासल्या, आणि दार उघडून दाखवले. नंतर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये दिवे लुकलुकणारे एक यंत्र लावले. इतके झाल्यावर त्याने आरसीचे मूळ पुस्तक लागेल, त्यावरचा चासी नंबर यंत्रात घालायचा आहे, असे सांगितले. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मी वर जाऊन, कपाट उघडून, पुस्तक घेऊन खाली येईपर्यंत दहा-बारा मिनिटे गेली असतील. मी परतलो तेव्हा तो स्टिअरिंगच्या दांड्याखालच्या प्लॅस्टिकच्या कव्हराचा शेवटचा स्क्रू आवळत होता. विचारल्यावर ‘कॉइलवर धूळ होती, साफ केली, आता रेंज चांगली मिळेल’ म्हणाला. चासी नंबर दिसतोच समोरच्या काचेतून किंवा बॉनेटखाली. त्यासाठी मला वर पाठवण्याची काहीच गरज नव्हती, हे मला त्या क्षणी सुचले नाही याचे आजही वाईट वाटते.

त्याने नवी चावी घालून फिरवली. गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली. जुनी चावी घालून फिरवली, तिच्यानेही झाली. रिमोटही पूर्ववत चालत होता. अठराशेचे अडीच हजार झाले, कारण ‘तुमच्या गाडीची चिप जरा वेगळी निघाली’. बिल मागितले तर ‘व्हॉट्सअॅपवर पाठवतो’. मी यूपीआयने पैसे दिले आणि समाधानाने वर गेलो. बिल आले नाही, पण चावी चालत होती, म्हणून मीही पाठपुरावा केला नाही.

पुढचे सात महिने गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. मीटरवर वेडावाकडा दिवा लागला नाही, सेल्फ चुकला नाही.

मग जुन्या चावीच्या रिमोटचा सेल संपला. बाजारात चाव्यांचे एक जुने, पक्के दुकान आहे, तिथे सेल बदलायला दिला. दुकानदाराने नखाने चावीचे डोके उघडले, सेल काढला, आणि नवा सेल घालण्याऐवजी चावी दिव्याखाली तिरकी धरून बघत राहिला. ‘सर, यातली चिप कुणी काढली?’ त्याने मला आतली रिकामी खाच दाखवली. खाचेच्या कडेला पातळ पेचकसाने उचकटल्याचा ओरखडा होता. मी म्हणालो की चिप काढली असेल तर गाडी चालू कशी होते, रोज होते. त्यावर त्याने काही न बोलता खिळ्यावरून एक साधी लोखंडी ब्लँक, म्हणजे न कापलेली चावी, काढली, माझ्या चावीवरून ती कापली, आणि माझ्याबरोबर गाडीपर्यंत आला. प्लॅस्टिकचे डोकेसुद्धा नसलेली ती दीडशे रुपयांची चावी त्याने इग्निशनमध्ये घालून फिरवली. इंजिन चालू झाले.

त्याने स्टिअरिंगखालचे तीन स्क्रू काढून कव्हर खाली ओढले. इग्निशनच्या कुलपाभोवतीच्या काळ्या कड्याला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे होते आणि टेपखाली माझ्या मूळ चावीची चिप चिकटवलेली होती. म्हणजे कॉइलला रात्रंदिवस खरी चिप जवळ असल्याचे भासत होते, आणि गाडीचा संगणक कोणत्याही चावीला आपली मानत होता. नवी चावी कधी तयार झालीच नव्हती. झाले होते ते फक्त पाते. इतके दिवस रस्त्यावर, मुलीच्या कंपनीबाहेर, रात्री सोसायटीच्या उघड्या जागेत उभ्या असलेल्या माझ्या गाडीला इमोबिलायझर असून नसल्यासारखा होता. ज्याने पाते कापले, त्याने दुसरे पाते कापून खिशात ठेवले नसेल याची खात्री कोण देणार? त्याला माझे घर, पार्किंगची जागा आणि गाडीचा नंबर ठाऊक होता. त्या दुपारी मला रागापेक्षा भीती जास्त वाटली, कारण गाडी बहुतेक वेळा मुलीच्या हातात असते आणि रात्री उशिरा ती एकटीच परतते.

याच दुकानदाराने पुढे सगळे रीतसर केले, आणि त्यासाठी चावी, चिप व प्रोग्रॅमिंग मिळून तीन हजार दोनशे रुपये घेतले, बिलासह. काम दुकानासमोर, माझ्या डोळ्यांदेखत झाले. आधी मूळ चिप मूळ चावीत परत बसवली. मग यंत्र जोडून गाडीत नोंदलेल्या चाव्यांची संख्या वाचली: दोन. म्हणजे माझ्याजवळची एक आणि मूळ मालकाकडून कधीच न आलेली ती दुसरी. इतके दिवस ती चावी जिवंत होती आणि ती कुणाकडे आहे हे मला ठाऊक नव्हते. त्याने जुन्या नोंदी पुसल्या आणि माझ्या हातातल्या दोन चाव्या नव्याने शिकवल्या, त्यामुळे ती हरवलेली चावी आता कुणाच्या हाती लागली तरी इंजिन चालू करू शकणार नाही. वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी नोंदी पुसण्याचे हे काम पहिल्याच आठवड्यात करून घ्यावे, असे मी कळकळीने सांगेन. माझ्या मते ते विम्याइतकेच आवश्यक आहे.

शेवटी त्याने ती साधी लोखंडी चावी पुन्हा घातली. सेल्फ फिरत राहिला, इंजिनाने पेट घेतला नाही, आणि मीटरवर चावीचे छोटे चिन्ह लुकलुकत राहिले. हीच खरी परीक्षा होय. नवी चावी गाडी चालू करते एवढे पाहून पैसे देऊ नका. चिप नसलेली साधी चावी त्याच माणसाकडून कापून घ्या, शंभर-दीडशे रुपये जास्त गेले तरी हरकत नाही, आणि त्या चावीने गाडी चालू होत नाही ना, हे पाहा. झालीच, तर लगेच स्टिअरिंगखालचे कव्हर उघडायला लावा. काम चालू असताना गाडीपासून हलू नका. कागद लागणार असतील तर ते आधीच खाली आणून ठेवा. प्रामाणिक माणूस आरसी आणि ओळखपत्र स्वतःहून मागतो, पण ते गाडी तुमचीच आहे हे पडताळण्यासाठी. नोंदलेल्या चाव्यांची संख्या कामाच्या आधी आणि नंतर यंत्रावर दाखवायला सांगा. बहुतेक गाड्यांत ती दिसते. आणि दुकान नसलेल्या माणसाला चावी देऊ नका, मग तो घरी येण्याची कितीही तयारी दाखवो.

गाडी चोरीस गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी सर्व चाव्या मागते. माझ्याकडे त्या सात महिन्यांत देण्यासाठी काय होते? एक चिप काढून घेतलेली मूळ चावी आणि एक चिप कधीच नसलेली नवी. अशा चाव्या पुढे ठेवून मी काय स्पष्टीकरण दिले असते, याचा विचार अजूनही अस्वस्थ करतो.

जाहिरातीतला नंबर आता लागत नाही. यूपीआयची पावती, टेपसहित चिपचा दुकानदाराने काढलेला फोटो आणि त्याच्या बिलावर त्याने लिहून दिलेली नोंद, एवढे जोडून मी पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवली आहे. त्या माणसाचे बिल हाती असते तर दोन्हीकडे माझे म्हणणे अधिक भक्कम झाले असते. पात्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे, कारण दारे त्या जुन्या पात्याने आजही उघडतात. दारांची आणि इग्निशनची कुलपे बदलण्याचा खर्च विचारून ठेवला आहे. ते होईपर्यंत रात्री गाडीला स्टिअरिंग लॉक लावतो आणि ती वॉचमनच्या केबिनसमोरच उभी करतो.