आडतीच्या पट्टीवरून शिकलेला डेटाबेस : लातूरच्या एका क्लासचा अनुभव

बीसीएला डेटाबेसचा पेपर मला चांगला गेला होता. नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे एकच माहिती पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून टेबलं वेगळी करायच्या नियमांच्या, व्याख्या तोंडपाठ होत्या. पण कुणी कोरा कागद पुढं ठेवून 'टेबलं पाड' म्हटलं असतं, तर काहीच सुचलं नसतं. कॉलेजात प्रोजेक्ट म्हणजे सीनियरकडून पेन ड्राइव्हवर आलेलं लायब्ररी मॅनेजमेंट. नावं बदलायची, स्पायरल बाइंडिंग करायचं, की झालं सबमिशन. त्यात गेलेल्या वेळाचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून लातुरातला डेटाबेसचा हा दोन महिन्यांचा क्लास लावला. फी साडेचार हजार, शिवाय औशाहून रोज एसटीनं ये-जा. पहिल्या दिवशी सरांनी कॉम्प्युटर चालूच करू दिले नाहीत. म्हणाले, "रोज व्यवहार लिहिला जातो अशी एखादी चालू वही आणा. कुणाचीही चालेल."

माझे पप्पा मार्केट यार्डात आडतीवर मुनीम आहेत. मालकांची परवानगी काढून मी जुन्या पट्ट्यांचं, म्हणजे शेतकऱ्याला माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशोबाच्या पावत्यांचं, पुस्तक नेलं. शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई. हे सगळं मी एकाच लांबलचक टेबलात बसवलं. सरांनी एकच पट्टी उचलली. तिच्यावर सोयाबीन आणि तूर, दोन्ही होतं. "आता तुरीचं वजन कुठं लिहिणार?" तेव्हा कळलं, पट्टी वेगळी आणि पट्टीवरची ओळ वेगळी. एका पट्टीला अनेक ओळी.

शेतकरी ओळखायचा कसा, यात तर आठवडा गेला. एकाच गावात एकाच नावाचे दोघं निघाले. मोबाइल नंबर धरावा, तर बाप-लेकाचा एकच. शेवटी प्रत्येकाला आपला क्रमांक दिला.

पण खरी शिकवण मिळाली ती भावाच्या चुकीतून. मी भाव मालाच्या टेबलात ठेवला होता. सोयाबीन ६ क्विंटल ३५ किलो, भाव ४,२५०, रक्कम २६,९८७ रुपये ५० पैसे; पट्टीशी तंतोतंत जुळली. मग सरांनी भाव ४,४०० करायला सांगितला आणि तीच जुनी पट्टी परत काढायला लावली. स्क्रीनवर २७,९४० आले. शेतकऱ्याला महिन्यापूर्वी दिलेल्या पैशाचा हिशोबच बदलला! माझ्या अंगावर काटा आला. भाव मालाचा नसतो, त्या सौद्याचा असतो. पप्पांना हे कुणी शिकवावं लागलं नाही, ते प्रत्येक ओळीपुढं त्या दिवसाचा भाव लिहीतच आले होते. त्या रात्री मी ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं.

थिअरी मात्र सर त्यानंतर सांगतात, आणि ती लगेच डोक्यात बसते. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती टेबलांत मांडून ती मूल्यांनीच एकमेकांशी जोडायची कल्पना मांडली, १९७६ साली पीटर चेन यांनी घटक आणि त्यांची नाती दाखवणारी आकृती दिली. आमच्या भिंतीवर पट्टी, शेतकरी, खरेदीदार यांचे चौकोन चिकटवलेले असल्यामुळं ही नावं परकी वाटली नाहीत.

उणिवा आहेत. बॅच फार मोठी, त्यामुळं तपासणीला नंबर यायला तास-तास जातो. सराव एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरवर होतो. त्यात फॉरेन कीची, म्हणजे एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोडणाऱ्या दुव्याची, तपासणी सहसा आपण चालू करावी लागते, हे आधी सांगितलंच नाही. मी एक शेतकरी उडवला तर त्याच्या पट्ट्या तशाच राहिल्या, आणि कारण शोधण्यात दोन दिवस गेले. 'PRAGMA foreign_keys = ON' ही ओळ दर वेळी कनेक्शन उघडलं की द्यायची, जाणाऱ्यांनी आत्ताच लिहून ठेवा. ट्रान्झॅक्शन, म्हणजे एका व्यवहाराच्या सगळ्या नोंदी एकदमच व्हाव्यात नाहीतर एकही होऊ नये ही सोय, एका तासात गुंडाळलं, बॅकअपला तर हातही लावला नाही. पैशाच्या वहीसाठी या दोन गोष्टी मला टेबलांइतक्याच महत्त्वाच्या वाटतात, हे मी सरांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

तरी मी हा क्लास लावाच म्हणेन. पुढच्या बॅचला माझा भाऊ जातोय. त्यानं गावातल्या दूध संकलन केंद्राची वही मागून आणलीय. सकाळ-संध्याकाळचं माप, फॅट, दर. काल रात्री जेवताना त्याला विचारलं, एकच माणूस एकाच वेळी गाईचं आणि म्हशीचं दूध घालतो, ते कुठं लिहिशील? तो ताटावरनं उठून वही घेऊन आला.