मायक्रोवेव्ह डायजेशन मशीन, आठ महिने फक्त मांसासाठी वापरल्यावर

आमच्या लॅबमध्ये बंद व्हेसलचं (घट्ट झाकणाच्या भांड्यांचं) मायक्रोवेव्ह डायजेशन मशीन, म्हणजे ॲसिडमध्ये तापवून सॅम्पल विरघळवणारं मशीन, येऊन आठ महिने झाले आणि मी त्यात फक्त मांसाची सॅम्पल लावते. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा असं चार धातूंचं काम आहे, पुढचं रीडिंग आयसीपी-एमएसवर (द्रावणातले धातू मोजणारं उपकरण).

आधी हॉटप्लेटवर उघड्या बीकरमध्ये करायचो. एका बॅचला अख्खा दिवस जायचा, हूडमध्ये (धूर ओढून घेणाऱ्या कपाटात) तपकिरी धूर, आणि पारा तर तापवतानाच उडून जायचा त्यामुळे त्याच्या आकड्यावर भरवसाच नव्हता. आता अर्धा ग्रॅम सॅम्पल, ७ मिली नायट्रिक ॲसिड, १ मिली हायड्रोजन पेरॉक्साइड, २०० अंशापर्यंत हळूहळू चढवायचं आणि तिथे २० मिनिटं ठेवायचं. पाऱ्याची रिकव्हरी (असलेल्यापैकी किती मोजमापात सापडतो ते) पहिल्याच आठवड्यात सुधारली, खरंच बरं वाटलं.

पण चरबी! पहिल्या महिन्यात मी चरबीवालं सॅम्पल सरळ १ ग्रॅम घेतलं, ॲसिड घातलं की लगेच झाकण लावलं, मधेच प्रेशर वाढून व्हेसलने गॅस सोडला आणि सॅम्पल गेलं. तेव्हापासून चरबीवालं ०.३ ग्रॅमच घेते आणि ॲसिड घातल्यावर अर्धा तास हूडमध्ये उघडं ठेवते, फेस आणि धूर बसला की मगच झाकण. आणि रन संपल्यावर घाई करून उघडू नका, पूर्ण थंड होऊ द्या, आत अजून प्रेशर असतं.

आता जे कुणी आधी सांगितलं नव्हतं ते सांगते. मांसात कॅडमियमची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, पण मूत्रपिंडात तीच १ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट (हे युरोपियन युनियनचे गाय-डुकराच्या मांसाचे आकडे). आता अर्ध्या ग्रॅमचे ५० मिली केले की ०.०५ वालं सॅम्पल द्रावणात लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम एवढंच उरतं. इतक्या कमी पातळीवर काम असताना मी मूत्रपिंडाच्या रननंतर त्याच व्हेसलमध्ये साधं मांस लावलं आणि कॅडमियम वर आलं, दोन दिवस मला मांसच खराब वाटत होतं, नंतर ब्लँक (सॅम्पलशिवाय नुसतं ॲसिड) त्याच व्हेसलमध्ये लावून बघितला तर तोही वर. आता यकृत-मूत्रपिंडाच्या व्हेसल वेगळ्या ठेवल्यात, त्यावर मार्करने खूण आहे, आणि प्रत्येक रननंतर नुसत्या नायट्रिकचा एक रिकामा रन. वेळ जातो, पण ते केल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही.

खिमा करतानाही बाहेरून धातू मिसळायची तीच भीती. स्टीलच्या ब्लेडने क्रोमियम-निकेल येतं, माझ्या चार धातूंना त्याचा त्रास नाही पण तुम्ही ते बघणार असाल तर सिरॅमिक किंवा टायटॅनियमचं ब्लेड घ्या. मांसाचा बाहेरचा थर आधी काढून टाका, आणि चरबी वेगळी होऊन भांड्याला चिकटते तिला परत मिसळा, नाहीतर अर्धा ग्रॅम म्हणजे अख्ख्या सॅम्पलचं प्रतिनिधित्व करतच नाही. शिकारीचं मांस असेल तर शिशाच्या गोळीचे बारीक कण एका तुकड्यात असतात आणि दुसऱ्यात नसतात, त्यामुळे तिथे मी तीन-तीन वेळा वजन करून लावते.

आर्सेनिक जास्त येत असेल तर आधी डायजेशन बघा. १८० अंशावर माझं द्रावण दिसायला स्वच्छ होतं तरी कार्बन उरत होता, आणि उरलेल्या कार्बनने आयसीपी-एमएसमध्ये आर्सेनिकचा सिग्नल फुगतो. हायड्रोक्लोरिकही जपून, क्लोरीन आणि आर्गॉन मिळून ७५ च्याच वस्तुमानावर येतात जिथे आर्सेनिक असतं.

तक्रार एकच, थंड व्हायला फार वेळ लागतो आणि दर बॅचमध्ये ब्लँक आणि प्रमाणित यकृताचं सॅम्पल ठेवायचं म्हणजे दोन जागा कायम गेल्या. त्या जागा वाचवायच्या असा विचार मात्र करू नका, मूत्रपिंडाचा घोळ मला त्या ब्लँकनेच दाखवला.