सायकलचा 680 चा सरळ हँडलबार काढून 780 चा रायझर (टोकं मधल्या भागापेक्षा उंच असलेला बार) टाकला, दिवाळीपासूनचा अनुभव

जोतिबावरून उतरताना बार स्टेममध्येच (बारला पकडून सायकलच्या पुढच्या नळीला जोडणारा भाग) फिरला, दोन्ही ब्रेक लिव्हर खाली गेले, आणि सर्व्हिसवाला म्हणतोय बारच खराब आहे, नवीन घ्या. बार अजिबात खराब नाही. दिवाळीपासून वापरतोय आणि या सायकलवर केलेला सगळ्यात वसूल खर्च हाच आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

29 इंची चाकांची हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढं), कंपनीचा बार 680 मिमी आणि जवळजवळ सरळ. आता अलॉय रायझर आहे, 780 मिमी, राइज (उंची) 30 मिमी, बॅकस्वीप (टोकं मागं किती वळलीत) 9 डिग्री, अपस्वीप (वर किती वळलीत) 5. क्लॅम्प (स्टेम पकडतो तिथली जाडी) दोन्हीचा 31.8 मिमी त्यामुळं जुनाच स्टेम चालला, तेवढे पैसे वाचले. कार्बन बघितला आणि किंमत ऐकून सोडून दिला.

बदलायचं कारण म्हणजे हात. वाघबीळ चढून पन्हाळ्याला पोचेपर्यंत करंगळी आणि शेजारचं बोट सुन्न. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं जी नस जाते ती दबते, सायकलवाल्यांचा जुना त्रास आहे हा. ग्लोव्ह्ज घे, जेलचे ग्रिप घे असं सगळे सांगत होते, दोन्ही घेतले, पैसे गेले, बोटं तशीच. आता एक करून बघा, हात पुढं करा, तळवा खाली आणि मुठीत पेन सैल धरा. पेन सरळ आडवं राहत नाही, बाहेरचं टोक तुमच्याकडं मागं येतं. मुठीची ठेवणच तशी आहे. सरळ बारवर ती ठेवण मोडून हात ठेवायचा म्हणजे मनगट बाजूला मुडपणार आणि त्या मुडपलेल्या मनगटावर अंगाचा भार टाकून अख्खा घाट चढायचा. आणि सायकल विकताना फोर्क किती मिमी, गिअर किती, ब्रेक हायड्रॉलिक का मेकॅनिकल हे सगळं सांगतात, बॅकस्वीप किती हे कुणी सांगत नाही, दुकानात विचारलं तर समोरचा माणूस माझ्याकडंच बघत बसला. ज्या गोष्टीला आपण सतत धरून असतो तिचा हा एक आकडा छापायला काय हरकत आहे?

नुसती उंचीच पाहिजे तर स्टेमखाली स्पेसर (उंची वाढवणाऱ्या रिंगा) टाक असं बरेच जण सांगतात, पण स्टिअररची नळी (स्टेम जिच्यावर बसतो ती) मागं झुकलेली असते, 69 डिग्री हेड अँगलवर (त्या नळीचा जमिनीशी कोन) 30 मिमी स्पेसर टाकले की बार 11 मिमीच्या आसपास मागंही येतो आणि कॉकपिट (सीट ते हँडल अंतर) आखूड होतो. माझी फ्रेम आधीच आखूड, म्हणून रायझरच बरा वाटला.

सुरुवातीला बार थोडा माझ्याकडं फिरवून घट्ट केला होता. चढाला एकदम भारी, पाठ उघडली, खांद्यातला ताण गेला, बोटं जागी. तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतं की जेवढा स्वीप जास्त तेवढं चांगलं.

पण मसाई पठाराच्या बाजूला उतारावर गेलो आणि मत बदललं. सुट्ट्या जांभ्या दगडांवर कोपर बाहेर काढून छाती खाली घ्यावी लागते, आणि बार मागं वळलेला असला की कोपर आपोआप आत, बरगड्यांकडं येतात. अंग मागं राहतं, पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर मुरमात सरकतं. बसून चढताना मनगटाला जास्त स्वीप पाहिजे, उभं राहून उतरताना कमी, म्हणूनच माउंटन बाइकचे बहुतेक बार 7 ते 9 डिग्रीवर येऊन थांबतात. मग बार पुढं फिरवला, राइज फोर्कच्या रेषेत येईल एवढा, आणि चाक जिथं टाकीन तिथं बसायला लागलं. बोटं तरीही सुन्न पडत नाहीत, हे महत्त्वाचं.

रुंदीचं सांगायचं तर 780 नं दगडात ताकद मिळते, चाक वेडंवाकडं वळत नाही, पण माझे खांदे अरुंद, हात फार फाकायचे. थेट कापू नका. आधी ग्रिप आणि लिव्हर आत सरकवून आठवडाभर चालवा, मगच कापा. मी 760 वर थांबलो, उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांनी दोन्हीकडनं 10-10 मिमी एकदम स्वच्छ कापून दिलं आणि पैसे घेईनात, बळंच चहा पाजला.

मागच्या ब्रेकचा होज (तेलाची नळी) मात्र उंच-रुंद बारला कमी पडतो, हँडल पूर्ण वळवलं की ताणतो. ऑर्डर करायच्या आधी तपासा, तो खर्च मला कुणी सांगितला नव्हता.

आणि तो फिरलेला बार. घरी फेसप्लेट (बारला पुढून आवळणारी स्टेमची पट्टी) खोलायला गेलो तर वरची फट मिटलेली, खालची उघडी, बोल्ट एका बाजूनं आवळलेले. स्टेमवर 5 न्यूटन मीटर स्पष्ट छापलंय, तरी सर्व्हिसवाल्यानं टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) न वापरता अंदाजानं पिळलं होतं. अशानं कुठलाही बार फिरेल, आणि उतारावर दात पडतील ते माझे. मित्राचा रेंच आणला, फटी सारख्या केल्या, तिरपे-तिरपे थोडे-थोडे आवळले, त्यानंतर दोनदा जोतिबा उतरलो, बार जागचा हलला नाही. लेबरचे पैसे परत मागितलेत, अजून दिले नाहीत.