टीव्हीला वायर की वाय-फाय?

आमचा राउटर दाराशी, टीव्ही आतल्या खोलीत, मध्ये आरसीसीची भिंत. मॅच रंगात आली की नेमकं ते गोल चक्र फिरायला लागायचं. प्लॅन १०० एमबीपीएसचा, तरीही!

फोर-के चित्राला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात. पण वेग सलग मिळायला हवा, आणि वाय-फाय तिथेच मार खातं. वाय-फायचे मुख्य पट्टे दोन: २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बऱ्यापैकी जातं, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर त्याच पट्ट्यात गर्दी करतात, मायक्रोवेव्हही तिथेच लुडबुडतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, मात्र जाड भिंतीपुढे हात टेकतं. राउटर नि टीव्ही एकाच खोलीत असतील तर तेच लावा आणि विसरून जा.

नाहीतर कॅट-६ची लॅन केबल, म्हणजे राउटर ते टीव्ही थेट जोडणारी वायर. मी स्कर्टिंगच्या कडेने क्लिपा ठोकत १५ मीटर ओढली. दिसायला बरी नाहीच, आईने दोन दिवस नाक मुरडलं. एक गंमत: बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, म्हणून स्पीड टेस्टमध्ये कधीकधी वाय-फायच पुढे दिसतं. त्याला भुलू नका. केबल लावल्यापासून आमच्याकडे ते चक्र दिसलेलं नाही. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल, तर दाराच्या फटीतून चपटी केबल सहज जाते.